सहा बाटल्यांचा संच घ्यायचा का? सासूबाईंची झोप, बाळाची सर्दी आणि सुगंधी तेलं

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सासूबाईंचं वय 64. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. वर्ष झालं, रात्री झोप लागत नाही म्हणतात. घरात माझं 7 महिन्यांचं बाळ आहे, थंडी पडली की त्याला सर्दी होते. तालुक्याच्या गावी एका शिबिरात सुगंधी तेलांच्या सहा बाटल्यांचा संच 3,800 रुपयांना दाखवला. लव्हेंडरचे दोन थेंब पाण्यात टाकून झोपताना प्यायचे, निलगिरी बाळाच्या छातीला आणि नाकाखाली लावायची, लेमनग्रासनं शुगर उतरते, असं सांगितलं. खरंच काही होतं का? संच घेऊ का?"

ताई, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. संच घेऊ नका. घेऊन झाला असेल तर त्यातलं काहीही कोणाला प्यायला देऊ नका आणि निलगिरीची बाटली आजच कुलपात ठेवा. पण "खरंच काही होतं का" या प्रश्नाचं माझं उत्तर हो असं आहे. होतं. तुम्हाला जे सांगितलं ते मात्र होत नाही.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला राहते. 21 वर्षं मालिश आणि सुगंधी तेलांचं काम करते आहे. आमच्या वावराच्या धुऱ्यावर गवती चहा म्हणजे तुमचं ते लेमनग्रास आहे, पडीक तुकड्यात तिखाडी म्हणजे रोशा गवत आहे आणि घरामागं तेल काढायची छोटी भट्टी आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे गोळ्यांबद्दल जिथं बोलेन तिथं शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत: बाळाची सर्दी, सासूबाईंची शुगर आणि सासूबाईंची झोप. विकणाऱ्यानं तिन्ही एका पेटीत बसवले, आणि तिथंच सगळा घोळ झाला. पहिल्या दोन्हींत बाटलीचं काहीच काम नाही. तिसऱ्यात आहे, पण थोडं.

बाळाचं आधी, कारण धोका तिथं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकातोंडाजवळ निलगिरी, पुदिना, कापूर, ओव्याचा अर्क यातलं काहीही नको. या तेलांचा थंड झणका लागला की आपल्याला नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. तान्ह्या बाळात त्याच झणक्यानं घसा एकदम आवळला जाऊ शकतो आणि श्वास अडू शकतो. निलगिरी किंवा कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. कापरानं तर काही मिनिटांतच. छातीला लावलेलं तेल बाळाच्या मुठीला लागतं, आणि सात महिन्यांच्या बाळाची मूठ दिवसभर तोंडात असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं: आमच्या आजीनं तर ओव्यानंच शेकलं होतं. खरं आहे. पण ओव्याच्या दाण्यात तेल असतं दोन ते चार टक्के, तेही दाण्याच्या आत कोंडलेलं. पुरचुंडी कोमट केली की त्यातून थोडासा वास सुटतो. बाटलीत तेच तेल निव्वळ असतं. आजीची पुरचुंडी आणि शिबिरातली बाटली या दोन गोष्टींचं नाव एक, जात एक, पण जोर एक नाही. पुरचुंडी करायचीच असेल तर स्वतःच्या मनगटावर धरून बघा, कोमटच असू द्या, आणि ती बाळाच्या अंगाला लावण्याऐवजी पाळण्यापासून हातभर लांब टांगा.

बाळाच्या सर्दीला करायचं ते साधं आहे. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, ते वापरा. अंगावर वारंवार पाजा. खोलीत चुलीचा, अगरबत्तीचा, डासांच्या कॉइलचा धूर होऊ देऊ नका. आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना बघायचं. 2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त झाले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जायला लागला, तर आशाताईंना बोलवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बाळ पीत नसेल, पडून राहत असेल, तर रात्र असली तरी निघा.

शुगरचं थोडक्यात. घरच्या गवती चहाची दोन पाती पाण्यात उकळून, साखर न घालता सासूबाई पीत असतील तर पिऊ द्या. पण त्यावर भरवसा ठेवून गोळी सुटली तर नुकसान त्यांचं होईल, विकणाऱ्याचं नाही. आणि पाती वेगळी, तेल वेगळं. तेल पाण्यात विरघळत नाही. पेल्यात टाकलेले दोन थेंब वर तरंगतात आणि पहिल्याच घोटाला जसेच्या तसे जिभेला, घशाला, अन्ननलिकेला लागतात. लव्हेंडरचंही तेच. जर्मनीत 80 मिलिग्रॅम लव्हेंडर तेलाची कॅप्सूल अस्वस्थपणावर औषध म्हणून मिळते आणि तिच्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत, हे खरं आहे. शिबिरातली माणसं बहुतेक तिचाच दाखला देतात. पण त्या कॅप्सूलमधलं तेल कोणतं, किती, हे ठरवून दिलेलं असतं. बाटलीतून मोजलेला थेंब म्हणजे ती कॅप्सूल नव्हे. त्यात सासूबाईंच्या दोन गोळ्या आधीच चालू आहेत.

आता झोप. इथं मला जरा बसून बोलायचं आहे.

माझ्याकडे झोपेसाठी कोणी आलं की मी तेलाची बाटली उघडत नाही. आधी विचारते, किती वाजता आडवे होता? आपल्या खेड्यात थंडीच्या दिवसांत सातला जेवण उरकतं आणि साडेआठला अंथरूण पडतं. पहाटे तीनला जाग आली की माणूस म्हणतो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास झाले. 64 व्या वर्षी तेवढी झोप पुष्कळदा पुरते. दुपारी जेवणानंतर दीड-दोन तास बाजेवर डोळा लागत असेल तर रात्रीची झोप तेवढी कमी होणारच. अशा वेळी जगातलं कुठलंही तेल तीन वाजताची जाग पाच वाजतावर नेणार नाही. अंथरुणावर जायची वेळ दहावर नेली तर जाईल.

दुसरं विचारते, रात्री लघवीला किती वेळा उठता? शुगर वाढलेली असली की लघवी जास्त होते. बीपीच्या काही गोळ्याही लघवी वाढवणाऱ्या असतात. आपल्याकडे त्यांना पाण्याची गोळी म्हणतात. ती संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्र न्हाणीच्या वाटेवरच जाते. गोळीची वेळ सकाळी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. आपण मनानं बदलायचं नाही. आमच्याच गावातल्या एका आजींची "दोन वर्षांची निद्रानाशाची तक्रार" एवढ्या एका बदलानं निम्मी झाली. मी त्यांच्या पायाला हातही लावला नव्हता.

तिसरं, संध्याकाळी चहा किती वाजता आणि रात्री तंबाखू, खर्रा किंवा गुडाखू लागतो का. जेवण झाल्यावर खर्रा तोंडात धरून झोप येत नाही म्हणणारी माणसं मी रोज बघते. तंबाखू माणसाला जागं ठेवतो. चौथं, घोरतात का, आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबून दचकून उठतात का. तसं असेल तर तो श्वासाचा आजार असू शकतो, त्याची तपासणी लागते. आणि पाचवं मी सगळ्यात शेवटी, एकटं असताना विचारते: मनात काय चाललं आहे? वर्षभरापूर्वी झोप गेली म्हणता, तर वर्षभरापूर्वी घरात काय झालं होतं? कोणी गेलं का, वावराची वाटणी झाली का, पोरीच्या घरचं काही बिघडलं का? जेवणावरची वासना गेली असेल, सारखं रडू येत असेल, "आता जगून काय करायचं" असं तोंडातून निघत असेल, तर मालिश करत बसू नका. सरकारच्या टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन लावा, मराठीतून बोलता येतं, आणि डॉक्टरांना दाखवा.

हे पाचही प्रश्न विचारून झाले आणि काही मोठं सापडलं नाही, तर तिथून पुढे माझं काम सुरू होतं. आणि त्या कामावर माझा मनापासून विश्वास आहे.

वासाचं एक वेगळेपण आहे. डोळ्यानं पाहिलेलं, कानानं ऐकलेलं मेंदूत आधी एका मधल्या चौकीतून जातं आणि मग पुढे वाटलं जातं. वास त्या चौकीवर न थांबता, जिथं भीती, जिव्हाळा, आठवण या गोष्टी घडतात त्या भागांकडे थेट पोचतो. म्हणून वास ओळखायच्या आधीच अंगात काहीतरी सैल पडतं किंवा आखडतं. काही वर्षांमागे मेळघाटाच्या पायथ्याच्या गावातून एक आजी लेकीकडे आल्या होत्या. रात्र रात्र बसून काढायच्या. लेकीनं महागाचं लव्हेंडर आणलं होतं. आजींनी नाक मुरडलं, म्हणाल्या फरशी पुसायच्या औषधाचा वास आहे. मी सहज आमच्या भट्टीच्या तिखाडीच्या तेलाचा बोळा पुढे केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हा त माह्या बापाच्या गोठ्याचा वास हाय व माय." मेळघाट आणि पलीकडे बैतूलच्या बाजूला हे गवत रानात उगवतं, आणि पूर्वी रानातच भट्ट्या लावून त्याचं तेल काढत. त्या वासात त्यांचं लहानपण होतं. त्या रात्री त्या चार तास सलग झोपल्या. रोज चार तास झाले असं मी म्हणणार नाही, पण अंथरुणाची धास्ती गेली, आणि झोप न येणाऱ्या माणसाची अर्धी अडचण ती धास्तीच असते.

म्हणून तेल निवडताना पुस्तकात काय लिहिलं आहे ते मी दुसऱ्यांदा बघते. पहिल्यांदा माणसाचं तोंड बघते. लव्हेंडर शांत करतं असं जगभर म्हणतात आणि अनेकांना करतंही. पण या विषयावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांची एक अडचण कधीच सुटत नाही: औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, वास मात्र लपवता येत नाही. ज्याला वास येतो त्याला कळतं की आपल्याला काहीतरी दिलं आहे. त्यामुळे गुण तेलाचा की अपेक्षेचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. मला विचाराल तर दोन्हींचा असतो, आणि म्हातारं माणूस शांत निजणार असेल तर मला दोन्ही चालतात. फक्त त्यासाठी 3,800 रुपये जायला नकोत.

सासूबाईंना चार वास द्या. वाळा, तिखाडी, संत्र्याची ताजी साल आणि मिळालं तर लव्हेंडर. प्रत्येक वेळी कापसाचा बोळा किंवा साल नाकापासून वीतभर लांब धरा. काय वाटलं विचारू नका. चेहरा बघा, खांदे बघा. ज्या वासाला खांदे खाली येतील तो त्यांचा. आपल्याकडच्या बायकांचं मन वाळ्यावर बसतं असा माझा अनुभव आहे. उन्हाळ्यात माठात टाकलेल्या वाळ्याचं पाणी आणि दारावरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा गारवा त्यांच्या अंगात मुरलेला असतो. वाळ्याचं तेल घट्ट, मातकट, सावकाश उडणारं. रात्रभर हलका वास राहतो.

वापरायची पद्धत सांगते. विजेवर चालणारं वाफेचं यंत्र घेऊ नका, लाईन गेली की ते बंद, आणि घरात बाळ असताना सगळी खोली वासानं भरायची गरजही नाही. घरच्या कापसाचा बोळा घ्या, त्यावर एक थेंब टाका, वाटीत ठेवा आणि वाटी सासूबाईंच्या उशापासून दोन हात लांब ठेवा. त्या खोलीत बाळ झोपत नसावं. एकाच खोलीत सगळे झोपत असाल तर बोळा झोपायच्या आधी अर्धा तास त्यांच्याजवळ ठेवा आणि मग वाटीसकट बाहेर न्या. घरात कोणाला दमा असेल तर पहिल्याच खोकल्याला बोळा बाहेर. वाळा, संत्रं, काहीही असो.

दुसरा भाग हाताचा. झोपण्यापूर्वी तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीनं घासायचं, ही आपली जुनीच रीत आहे. मला वाटतं, मालिशमध्ये जास्त काम हातच करतो आणि वास त्याला जोड देतो. तिळाचं तेल घ्या. ते नसेल तर खोबरेल किंवा मोहाच्या टोळीचं तेलही चांगलं. जवसाचं नको, ते लवकर खवट होतं. एका लहान चमच्याला, म्हणजे 5 मिलिलिटरला, सुगंधी तेलाचा एकच थेंब. हे प्रमाण साधारण एक टक्का होतं आणि म्हाताऱ्या कातडीला तेवढं पुरे. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा; खाज, लाली आली तर ते तेल सोडून द्या.

शुगर असलेल्या पायाची जास्त काळजी घ्यायची. आधी उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. भेग, फोड, जखम असेल तर मालिश नाही, दवाखाना. शुगरनं पायाची जाण कमी झालेली असू शकते, म्हणून तेल गरम करून लावू नका. तसं असेल तर त्यांना चटका कळणारच नाही. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत आणि गरम लागत असेल, तर अजिबात चोळू नका, ते रक्ताच्या गाठीचं लक्षण असू शकतं. दहा-बारा मिनिटं, टाचेपासून बोटांकडे, हलक्या दाबानं. मग सुती फडक्यानं पाय आणि बेचक्या कोरड्या पुसा. ही पुसायची गोष्ट कोणी सांगत नाही. रात्री लघवीला उठलेलं म्हातारं माणूस तेलकट पायानं फरशीवर घसरलं आणि खुबा मोडला, तर झोपेचा प्रश्नच बाजूला पडतो.

पातळ करण्यावर मी एवढा जोर का देते, तेही सांगते. काम सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी एका बाईच्या कमरेला मी गवती चहाचं तेल तसंच चोळलं होतं. आमच्याच भट्टीचं, डोळ्यांदेखत काढलेलं, त्यात भेसळ नाही याची खात्री, म्हणून मला वाटलं त्यानं काय होणार. दुसऱ्या दिवशी तिची कंबर लालभडक, बारीक फोडांनी भरलेली. आठवडाभर तिला वेचणीला जाता आलं नाही, ऐन हंगामात. तेल शुद्ध होतं म्हणूनच भाजलं. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचा घटक 70 ते 80 टक्के असतो आणि तो कातडीला झोंबतो. तिची मजुरी मी भरून दिली, पण तिच्या चेहऱ्यावरचं दुखणं अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून गवती चहाचं तेल मी दोन चमचे तिळाच्या तेलाला एका थेंबाच्या वर जाऊ देत नाही, आणि म्हाताऱ्यांच्या अंगाला लावतच नाही.

इथवरचं एकत्र सांगायचं तर, बाळाला काही नाही, पोटात काही नाही, आणि सासूबाईंना आधी वेळा आणि गोळ्या तपासून मग एका आवडत्या वासाचा बोळा आणि तळपायाची मालिश.

आता पैशांचं. सहा बाटल्या लागतच नाहीत, एक पुरते. संत्र्याला तर तीही नको. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडचं संत्रं बाजारात आलं की साल बोटांनी दाबून उडणारा तुषार बोळ्यावर घ्या, झालं. तो कातडीला लावायचा नाही, फक्त वासापुरता. विकत घेणार असाल तर बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच आणि तारीख बघा. नुसतं "लव्हेंडर फ्रॅग्रन्स" लिहिलं असेल तर तो अत्तराच्या कारखान्यातला बनवलेला वास असतो. धुतलेल्या कपड्यांना बरा. "थेरप्युटिक ग्रेड" हे शब्द वाचून भाव वाढवून देऊ नका. अशी प्रत कुठलीही सरकारी संस्था ठरवून देत नाही, ते विकणाऱ्यांनी बनवलेले शब्द आहेत. आणि त्या संचात गुलाबाचं तेल असेल तर एक हिशेब करा. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे 10 मिलिलिटरच्या बाटलीला 30 ते 50 किलो पाकळ्या. सहाशे-सातशे रुपयांत तेवढ्या पाकळ्याही येणार नाहीत, भट्टीचं सरपण तर सोडाच. याउलट गवती चहा शंभर किलो कापला तर अर्धा किलोच्या आसपास तेल देतो, म्हणून ते स्वस्त असतं आणि बहुधा खरं मिळतं.

आणलेलं तेल आपल्या उन्हाळ्यात टिकवणं हेही एक कामच आहे. 45 अंशांत टिनाच्या घरात फळीवर ठेवलेली बाटली दोन महिन्यांत बिघडते. संत्र्या-लिंबाचं तेल तर हवा आणि उष्णता लागून असं बदलतं, की पूर्वी सोसलेल्या कातडीलाही त्याची ॲलर्जी होते. गडद काचेची बाटली, बूच घट्ट, जागा अंधारी आणि थंड. फ्रिज असेल तर उत्तम, पण डब्यात बंद करून, पोरांचा हात पुरणार नाही अशा कप्प्यात.

पोरांचा हात म्हटलं की मला गंधपुऱ्याच्या तेलाबद्दल बोलायलाच हवं, तुम्ही विचारलं नसलं तरी. सांधेदुखीला म्हणून ते आपल्याकडे घरोघरी असतं, खिडकीत, बाजेखाली, कुठंही. त्याच्या एका लहान चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्यांइतका जोर असतो. रांगतं पोर ते प्यालं तर जीव जाऊ शकतो. तुमचं बाळ दोन महिन्यांत रांगायला लागेल, म्हणून आजच घर एकदा त्या नजरेनं फिरून बघा. आणि कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर गंधपुरा त्याच्या सांध्यांनाही नको, तो कातडीतून आत जाऊन गोळीचा परिणाम वाढवतो. पोरानं कुठलंही तेल प्यालं तर ओकारी काढायला बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. ओकताना तेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घ्या आणि 108 ला फोन करा.

आणखी एक, कारण तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आहात. हंगामात फवारणीहून आलेला माणूस डोकं धरून बसतो आणि घरची बाई मला विचारते, पुदिन्याचं तेल कपाळाला लावू का? ताणानं दुखणाऱ्या डोक्याला पातळ केलेलं पुदिन्याचं तेल कपाळाच्या दोन्ही बाजूंना लावलं तर बरं वाटतं. जर्मनीत 1996 साली त्याचा अभ्यासही झाला आहे. पण फवारणीनंतरचं डोकं, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी म्हणजे विषबाधा असू शकते. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात अशी माणसं दगावली आहेत. तिथं तेल लावण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही. कपडे काढून साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखान्यात न्या. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दुखण्यातही तसंच. हाडं फोडून काढणाऱ्या त्या कळांवर तेल चोळत पोराला घरी ठेवलेलं मी पाहिलं आहे. चोळू नका, पाणी पाजा आणि न्या.

सुरुवात कशी करायची ते सांगते. पहिले सात दिवस बोळा नाही, मालिश नाही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाजवळ एक वही ठेवा आणि फक्त लिहा: किती वाजता आडव्या झाल्या, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठल्या, पहाटे कधी जाग आली, दुपारी किती झोपल्या, शेवटचा चहा कधी. आठव्या दिवसापासून अंथरुणाची वेळ उशिरा करा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. पंधराव्या दिवसापासून बोळा आणि पाय. एकदम सगळं केलं तर गुण कशानं आला ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि मग पुढच्या शिबिरात पुन्हा कोणीतरी सहा बाटल्या पुढे करेल. मध्ये चार दिवस बोळा बंद करून बघा. फरक पडला नाही तर तेल सोडून द्या, पायाची मालिश चालू ठेवा. दिवसभर राबून आल्यावर तुमच्यावर आणखी एक काम येतं, हे मला कळतं. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन रात्री केलं तरी चालेल, आणि उरलेल्या रात्री तुमच्या यजमानांना सांगा. आईच्या पायाला तेल लावायला त्यांचे हातही आहेत.

आणि ताई, बीपीची गोळी कोणती आहे आणि कोणत्या वेळी घेतात, तेवढं पाकिटावर बघून आधी कळवा. ती संध्याकाळची असेल तर वही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या.